बाबांचा उजवा कान

बाबा गेले त्याला वर्ष होत आलं. घरी येणारी माणसं अजूनही त्यांच्या फोटोखाली उभी राहून ‘एकाहत्तरच्या लढाईत होते’ असं एकमेकांना सांगतात आणि मग माझ्याकडं बघतात. त्यांना एखादी गोष्ट हवी असते. माझ्याकडं लढाईची गोष्ट नाही. माझ्याकडं आहे तो बाबांचा उजवा कान, आणि तो काही शौर्याचा विषय नाही. त्यामुळं मी चहा ठेवते आणि विषय बदलते.

बाबा तोफखान्यात होते. तोफेच्या डाव्या अंगाला उभं राहून काम, त्यामुळं तोफ कायम उजव्या कानाशी. लढाईच्या आधी वर्षभर त्यांचं लग्न झालेलं होतं. लढाई संपून ते पहिल्या सुटीवर गावी आले तेव्हा अंगावर ओरखडा नव्हता, पण आईला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘उजवा कान गेला. बोलशीन थे डावीकडून बोल.’ माझी मोठी काकू तिथंच भाकरी थापत होती. ती हसून म्हणाली, ‘आयकलं का वो? उजवीकडून बोलशीन तं भिंतीशी बोलल्यावानी होईन.’

आईनं दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवल्या. डावीकडून बोलायचं हे तर ठेवलंच, पण उजवीकडं भिंत आहे हेही ठेवलं.

बाबांची जागा तेव्हापासून ठरली. उजवं अंग भिंतीला, डावं अंग माणसांना. जेवताना, विहारात वंदनेला बसताना, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं ते आधी भिंत शोधत. ऑटोत उजव्या कडेला बसत. घरातल्या सगळ्या फोटोंत बाबा एका टोकाला आहेत आणि आम्ही त्यांच्या डाव्या हाताला दाटीवाटीनं उभे आहोत. उजवीकडं मोकळी जागा. फोटोवाला दरवेळी म्हणायचा, दोघं जण तिकडं सरका, आणि कुणी सरकत नसे.

माझी आई बोलणारी बाई आहे. मनात काही ठेवायचं म्हटलं तर तिचं पोट दुखतं. आणि नवऱ्याला तोंडावर बोलायची तिच्या काळात, तिच्या सासरी, सोय नव्हती. तिनं सोय काढली. डाव्या कानाला ती ‘अवो’ म्हणे, ‘तुमी’ म्हणे, शेवटी ‘जी’ लावी. उजव्या कानाला सरळ ‘तू’. ‘अवो, जेवून घ्या जी, भाकर थंडी होऊन राह्यली,’ हे डावीकडून. ताट ठेवून उजव्या बाजूनं परत फिरताना त्याच आवाजात, एक पट्टी खाली, ‘बस बुढ्या, गिळ. तुले काय, आयतं भेटते.’ बाबा शांतपणे भाकर मोडत. तेव्हा ते पंचविशीतही नसतील, पण उजव्या कानासाठी ते पहिल्यापासून बुढाच होते.

सगळं वाईटच बोले असं नाही. शेजारच्या घरात एकदा नवरा-बायकोचा मोठा तमाशा झाला. नवरा पिऊन आला होता, भांडी रस्त्यावर आली होती. ते निवल्यावर आई बाबांच्या उजवीकडं तांदूळ निवडत बसली आणि ताटातून मान वर न करता म्हणाली, ‘माह्या नशिबात तू आला थे बरंच झालं म्हना.’ चेहरा मात्र कुरकुरीचाच. डाव्या कानाला तिनं असलं काही सांगितलेलं मी जन्मात ऐकलं नाही. डाव्या कानाला रॉकेल संपल्याचं कळायचं.

आम्ही भावंडंही हे शिकलो. घरात एक बोलणंच तयार झालं, ‘जा, उजवीकडं सांगून ये.’ म्हणजे मोकळा हो आणि गप्प बस. मी आणि माझा भाऊ, कोणतीही गोष्ट बाबांना खरोखर सांगायच्या आधी उजव्या कानाशी तिची तालीम करून बघायचो. बाबा पेपर वाचत असायचे. पान उलटायचे.

आता आईनं उजवीकडून सांगितलेली एक गोष्ट सांगायला हवी. ती मी ऐकली, हे आईला माहीत होतं, आणि आम्ही दोघींनी त्यावर कधी तोंड उघडलं नव्हतं.

तेव्हा आम्ही बोरी अरबजवळच्या गावात काकांच्या घराला लागून दोन खोल्यांत राहत होतो. बाबा वर्षातून एकदा यायचे. माझ्या पाठची बहीण पाळण्यात होती. पावसाळ्यात तिला ताप चढला, नाल्याला पूर होता, दारव्ह्याच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी पाण्यात उतरेना. पाणी ओसरेपर्यंत ती गेली. बाबांना कळून, सुटी मिळून, ते पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. आईनं त्यांच्यासमोर रडून घेतलं नाही. बायका म्हणत होत्या, रड वो, मोकळी होय. आई चुलीपाशी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा खाटेवर चढून आढ्याला बांधलेला पाळणा सोडत होते. आई खाली त्यांच्या उजव्या अंगाला भिंतीला टेकून बसली होती. मी दारात होते. आई अगदी साध्या आवाजात, मिठाचं-तेलाचं बोलावं तशी बोलली.

‘तू तिकडं लढाईतच राह्यला असता तं बरं झालं असतं. म्या एकटीची सवय तं करून घेतली असती.’

बाबा वळले नाहीत. त्यांनी गाठ सोडली, दोर कोपराभोवती गुंडाळून त्याचं नीट वेटोळं केलं, पाळणा उतरवला आणि काकांच्या घरात नेऊन ठेवला. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघितलं. मी लहान होते, पण बोललं ते काय होतं, एवढं कळत होतं. मला एकच वाटलं, की बरं झालं, उजवीकडून बोलली.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा लोखंडी ट्रंक घेऊन कायमचे घरी आले. पेन्शनीपुरती नोकरी झाली होती, पण त्यांच्या जोडीचे सगळे थांबले होते. थांबले असते तर दंडावर आणखी एक फीत आली असती. गावाला हे काही पचलं नाही. पारावर म्हातारे विचारत, ‘काहून आला बे सोडून? चांगली मानाची नौकरी होती.’ बाबा म्हणत, ‘पुरे झालं.’ काकांनी विचारलं तरी तेच, आईनं डावीकडून विचारलं तरी तेच. शेवटी लोकांनी कानाचं कारण लावलं आणि प्रकरण मिटवलं.

मग आम्ही यवतमाळला आलो. बाबांना एका जिनिंगमध्ये चौकीदारी मिळाली. कापसाच्या हंगामात ते घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापूस असायचा. आई डावीकडून म्हणायची, ‘हात-पाय धुवा जी.’ उजवीकडून म्हणायची, ‘भूत आलं.’

‘कुटुंबवत्सल’ हा शब्द निधनाच्या बातमीत फार स्वस्त झालेला आहे. मेलेला प्रत्येक पुरुष कुटुंबवत्सल असतो. माझ्या भावानंही तो बातमीत घातला आणि मी त्याच्याशी भांडले. बाबा काय करायचे ते सांगता येतं, शब्द कशाला हवा. सकाळचा चहा ते करायचे, आईच्या आधी उठून. माझ्या वेण्या ते घालायचे, इतक्या घट्ट, की शाळेत दुपारपर्यंत माझ्या भुवया वर असायच्या. चपला दाराकडं तोंड करून, अंथरुणाच्या घड्या चौकोनी, पेले एका मापात उलटे. यवतमाळात नळ रोज येत नाही, येईल तेव्हा येतो, आणि आला की सगळी गल्ली धावते. आमच्या घरी आई डावीकडून फक्त ‘नळ’ म्हणायची. बाबा जेवत असोत, झोपलेले असोत, तापात असोत, एका उडीत चपलेत पाय असायचा. आईला त्यांनी शेवटपर्यंत बादली उचलू दिली नाही. आईच्या टाचांना भेगा पडायच्या. तिनं ते कधी डावीकडून सांगितलं नव्हतं, उजवीकडूनच कुरकुरली असेल. पण थंडी लागली की बाबा वाटीत मेण आणि तेल वितळवून आणायचे आणि आईसमोर ठेवून निघून जायचे.

लढाईबद्दल ते बोलायचे नाहीत. बोलत नसत म्हणजे काही खोल दुःख दाबून बसले होते, असं निदान मला तरी कधी वाटलं नाही. त्यांना तो विषय लांबचा झाला होता. एका पंधरा ऑगस्टला माझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्यांना हाताला धरून माइकपाशी उभं केलं. बाबा म्हणाले, ‘हुकूम यायचा, आमी तोफ भरायचो. जेवन टाइमावर यायचं. जय हिंद.’ मुलं हसली. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. मला लाज वाटली आणि घरी येताना मी बाबांच्या उजवीकडून चालत म्हणाले, की असं कुणी भाषण करतं का, एखादी तरी गोष्ट सांगायची. पुढच्या वर्षी त्यांनी मुलांना बर्फासारख्या थंडीत खंदकात शिरलेल्या कुत्रीची आणि तिच्या पिल्लांची गोष्ट सांगितली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आईनं सांगितलं असेल, असं मी धरून चालले.

आमच्या घरात हे असंच चालायचं. एकाचं पोटातलं दुसऱ्याकडून बाहेर येई आणि कुणी कुणाला पुरावा मागत नसे. भाऊ बारावी झाला तेव्हा सगळ्यांनी धरलं होतं, की फौजीचा पोरगा भरतीला जाणार. तो रोज पहाटे मैदानावर धावायला जायचा आणि तोंड पाडून यायचा. एका संध्याकाळी तो बाबांच्या उजवीकडं बसून तालीम करत होता, ‘बाबा, मले नाही जायचं भरतीले. मले भेव वाटते.’ बाबा रेडिओचे सेल बदलत होते. आठवडा झाला नसेल, जेवताना बाबा स्वतःच म्हणाले, ‘एका घरातून एक गेला थे पुरे. तू कालेजात जाय.’ भाऊ माझ्याकडं बघायला लागला, मी आईकडं. आईला वाटलं मी सांगितलं, मला वाटलं आईनं.

माझ्या लग्नाचंही तेच. मुलगा दुसऱ्या जातीचा, माझ्याबरोबर शिकवणारा. आईला तेवढं सांगितलं होतं. मी उजवीकडं तालमी करून करून थकले आणि डावीकडं जायचा धीर होईना. एक दिवस बाबा मला म्हणाले, ‘थो कोन हाय, त्याले एकदा जेवाले तं आन घरी.’ मी आईवर चिडले, की तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आई शपथा घेत राहिली. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

मी कॉलेजात नोकरीला लागल्यावर बाबांना कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेले होते. मला आत येऊ दिलं नाही. ‘तू चपला पाह्य,’ म्हणाले आणि एकटे आत गेले. बाहेर आले ते खुशीत होते.

‘गेला म्हन्ते थो कान. काई कामाचा नाही.’

‘मशीन?’

‘कायले?’ असं म्हणून त्यांनी चपला घातल्या. मीही फार लावून धरलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. यवतमाळातल्याच एका दवाखान्यात ठेवलं. तिथून ते घरी आले नाहीत. वॉर्ड भरलेला होता, दोन पलंगांत स्टूल मावेल एवढीच जागा होती आणि बाबांना मिळाला तो कोपऱ्यातला, भिंतीला चिकटून. डावं अंग भिंतीला, उजवं अंग माणसांना. जन्मभर जे केलं त्याच्या बरोबर उलटं. मी पहिल्या दिवशी बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

मोठे डॉक्टर आले, उजवीकडं उभे राहून मोठ्यानं म्हणाले, ‘बाबा, डोळे उघडा. बाबा!’ बाबा हलले नाहीत. मी म्हणाले, त्यांना त्या कानानं ऐकू येत नाही. डॉक्टरांनी माझ्याकडं दमलेल्या नजरेनं बघितलं. ‘ऐकू आलं तरी समजत असेल असं नाही, मॅडम,’ असं ते म्हणाले आणि आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, की एक-दोन दिवस कठीण आहेत, भाऊ बाहेरगावी असेल तर बोलावून घ्या. भाऊ पुण्याहून निघालेला होताच.

व्हरांड्यात आई बाकावर बसली. रडली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, ‘मले त्यायच्या डाव्या कानात एक सांगाचं हाय. पलंग सरकव म्हना.’

‘काय सांगायचं?’

‘तुले ठाव हाय.’

मला ठाऊक होतं. पाळण्याच्या दिवसाची ती दुपार आम्हा दोघींमध्ये इतकी वर्षं झाकून पडलेली होती, आणि आई तिच्यावरचं फडकं दवाखान्याच्या व्हरांड्यात काढत होती.

‘थे म्या तव्हा बोलली ना, थे खरं नव्हतं. एवढंच सांगाचं हाय,’ आई म्हणाली.

मी तिला समजावायला गेले. समजावणं हा माझा धंदाच आहे. मी म्हणाले, आई, अगं, ते त्यांनी ऐकलंच नाही. तू उजवीकडून बोलली होतीस. जे त्यांना ठाऊकच नाही ते परत कशाला घेतेस? परत घ्यायचं तर आधी सांगावं लागेल, आणि आता या वेळी ते सांगशील?

आईनं माझ्याकडं बघितलं. ‘त्यायनं नाही आयकलं,’ ती म्हणाली, ‘पर म्या तं आयकलं ना.’

मला तिचा राग आला, कणव आली. ही बाई चाळीस वर्षं हे घेऊन स्वयंपाक करत होती. मी उठले आणि सिस्टरकडं गेले.

सिस्टरची बाजूही मला आज कळते. ऑक्सिजनची नळी भिंतीतून आलेली, शेजारचा पलंग हलवल्याशिवाय हा हलणार नाही, शेजारच्या पलंगावरच्या बाईला सलाईन लावलेलं. सिस्टर म्हणाली, राउंड झाल्यावर बघू. मी म्हणाले, राउंड होईपर्यंत माणूस राहणार आहे का? ती म्हणाली, एका कानासाठी सगळा वॉर्ड हलवू का? मी म्हणाले, हो, हलवा. माझा आवाज चढला. बाबांना असं चढ्या आवाजात बोललेलं खपत नसे, पण माझा आवाज उजवीकडून येत होता, तो त्यांना कुठला ऐकू जाणार. सिस्टरनं कपाळाला हात लावला आणि एका आयाबाईला माझ्याबरोबर धाडलं. हातभर ओढा, म्हणाली, नळीला धक्का लावू नका, आई आत शिरेल एवढीच फट करा.

आम्ही दोघी वॉर्डात आलो तेव्हा आई स्टुलावर बसली होती. उजवीकडं, कारण दुसरी बाजूच नव्हती. तिला वाटलं असावं, पलंग सरकेपर्यंत नुसतं काय बसायचं. तिचं नेहमीचं सुरू झालेलं होतं, एक पट्टी खाली, बाबांच्या उशीशी.

‘पाह्य, पोट्टी गेली भांडाले. तुह्यावानीच हाय, आयकतच नाही कोनाचं. अन् तू इथं लोळून राह्यला. घरी नळ आला असन आज. कोन भरते पानी? मी भरू? माह्ये गुडघे पाह्यले का तू, बुढ्या?’

भिंतीकडचा, बाबांचा डावा हात हलला. सलाईनची नळी घेऊन तो हळूहळू छातीवरून इकडं आला. मध्येच थांबला, दम घेतला, परत निघाला, आणि आईच्या हातावर येऊन पडला. पांघरुणाखाली त्यांचा डावा पाय पलंगाच्या कडेकडं सरकत होता. चप्पल शोधत होता.

आई बोलायची थांबली. तिनं त्या पायाकडं बघितलं, मग हाताकडं. आयाबाई पलंगाचा दांडा धरायला पुढं झाली, तिला मी थांबवलं.

आई वाकली. आवाज आणखी खाली आणला. आम्हाला तो जेमतेम ऐकू येत होता.

‘आयकू येते तुले?’

बाबांची बोटं तिच्या हातावर दाबली गेली.

‘कव्हापासून?’

याला बोटांत उत्तर नव्हतं. बाबांच्या तोंडाची डावी बाजू थोडी वर गेली. पकडल्या गेलेल्या माणसाचं ते हसू होतं, अर्ध्याच तोंडाचं.

मी तिथंच भिंतीला टेकले. भावाची भरती, माझं लग्न, मेणाची वाटी, खंदकातली कुत्री, सगळं एकापाठोपाठ एक येऊन माझ्यासमोर उभं राहिलं. आईनं ज्या शपथा घेतल्या होत्या त्याही आल्या. बाबांना किती ऐकू येत असेल, ते मी नंतर एका डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, तोफेच्या आवाजानं कान गेला तरी थोडंफार ऐकू येतं, शांत घरात जवळून बोललेलं पुष्कळदा कळतं. मोठ्यानं ओरडलेलंच उलट नीट कळत नाही. पण त्या क्षणी मला वैद्यकशास्त्र नको होतं. मला बाबांचा राग आला होता आणि हसू येत होतं.

आई हसत नव्हती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. त्या हाताकडं बघत तिनं विचारलं,

‘थे बी आयकलं? पाळना सोडून राह्यलता तव्हाचं?’

बाबांनी डोळे मिटले. हात काढून घेतला नाही. बोटं दाबली गेली.

वॉर्डात कुणाच्या तरी डब्याचं झाकण पडलं. शेजारच्या बाईची लेक तिला पाणी पाजत होती. मला भीती वाटली, की आता ही कोसळते. मी पुढं व्हायला निघाले, तेवढ्यात तिनं मान वर केली. ती हिशोब लावत होती. पाळणा कधी सोडला, ट्रंक कधी आली.

‘म्हनून आला का तू सोडून?’

बोटं दाबली गेली. या वेळी जोरात, मला लांबून दिसली एवढी.

मग आई संतापली. इतकी वर्षं मी तिला बघितलंय, पण अशी संतापलेली बघितली नव्हती. तिनं बाबांच्या हातावर चापट मारली. ‘अन् एका शब्दानं सांगितलं नाही! गाव इचारून राह्यलं, मी इचारून राह्यली, तं म्हने पुरे झालं! मी येडीवानी बोलून राह्यली अन् तू आपला पेपर वाचून राह्यला! बुढ्या, मी तुले काय काय म्हनली रे!’ सगळा वॉर्ड वळून बघत होता. नवऱ्याला ‘अरे-तुरे’ करणारी म्हातारी त्यांनी बघितली नसेल. आमच्या घरानंही बघितली नव्हती, मोठ्यानं कधीच नव्हती. बोलता बोलता तिचा आवाज फुटला आणि ती त्या चापट मारलेल्या हातावर कपाळ टेकून रडायला लागली. गावातल्या बायका तिला ज्या दिवशी रड म्हणाल्या होत्या, त्या दिवसाचंच ते रडणं होतं. बाबांचा हात उचलला जात नव्हता, तरी अंगठा तिच्या केसांत हलत होता.

मीही रडले. मला रडारड आवडत नाही, पण रडले.

आयाबाई बिचारी दांड्यापाशी ताटकळली होती. तिला आणखी पलंग, आणखी म्हाताऱ्या होत्या. शेवटी तिनं हळूच विचारलं, ‘आजी, ओढाचा हाय ना पलंग? तुमाले तिकून बोलाचं होतं म्हने.’

आईनं पदरानं तोंड पुसलं, स्टूल आणखी थोडं उशीकडं ओढलं आणि म्हणाली, ‘राहू दे, माय. थो याच बाजूनं आयकते.’